मैत्रिणीचं मूल सांभाळणं बेकायदा ठरलं तेव्हा... इंग्लंडमधल्या घरगुती पाळणाघरांचं नेमकं काय झालं?

२००९ सालची गोष्ट. इंग्लंडमधल्या बकिंगहॅमशायर भागात दोन महिला पोलीस होत्या. दोघींना साधारण एकाच वयाच्या छोट्या मुली. पूर्णवेळ नोकरी झेपणार नाही म्हणून दोघींनी मिळून एकच नोकरी वाटून घेतली. एक ड्युटीवर गेली की दुसरी घरी दोन्ही मुलींना सांभाळणार. पैशांचा व्यवहार काहीच नाही. आपल्याकडे याला शेजारधर्म म्हणतात आणि विषय तिथेच संपतो.

तिथे तो संपला नाही. कुणीतरी तक्रार केली आणि एक दिवस ऑफस्टेडच्या निरीक्षक दारात उभ्या राहिल्या. ऑफस्टेड म्हणजे इंग्लंडमधल्या शाळा आणि बालसंगोपन केंद्रांची तपासणी करणारी सरकारी यंत्रणा. त्यांचं म्हणणं सरळ होतं. दुसऱ्याचं मूल आपल्या घरी दिवसाला दोन तासांपेक्षा जास्त वेळ मोबदला घेऊन सांभाळायचं असेल तर नोंदणी हवी. पण इथे मोबदला कुठे होता? 'तू माझी मुलगी सांभाळ, मी तुझी सांभाळते' हाच मोबदला, असा कायद्याचा अर्थ लावला गेला. नोंदणी करा, नाहीतर हे बंद करा.

बातमी बाहेर आल्यावर सरकारची भरपूर टिंगल झाली. मंत्र्यांना फेरविचाराचे आदेश द्यावे लागले आणि पुढे मैत्रिणींमधल्या अशा बिनपैशांच्या अदलाबदलीला सूट मिळाली. त्या दोघींचा प्रश्न सुटला. पण हेच काम पोटापाण्यासाठी करणाऱ्या हजारो बायकांना ना अशी बातमी मिळाली, ना अशी सूट. गेल्या तीस वर्षांत त्यांच्यातल्या बहुतेकींनी गाशा गुंडाळला.

चाइल्डमाइंडर म्हणजे आपल्या पाळणाघरवाल्या काकू

इंग्लंडमध्ये स्वतःच्या घरात इतरांची मुलं सांभाळणाऱ्या व्यक्तीला चाइल्डमाइंडर म्हणतात. डोंबिवलीत, कोथरूडमध्ये किंवा नाशिकरोडला पहिल्या मजल्यावरच्या ज्या काकू दोन-चार मुलं सांभाळतात, त्यांचाच हा इंग्लिश अवतार. फरक इतकाच की तिथल्या काकूंचं नाव सरकारी यादीत असतं आणि त्यांच्याकडे तपासणी होते.

ही यादी आता झपाट्याने आखडते आहे. १९९०च्या दशकाच्या मध्यात इंग्लंडमध्ये जवळपास एक लाख नोंदणीकृत चाइल्डमाइंडर होत्या. २०१२ मध्ये त्या ५५ हजारांच्या आसपास उरल्या. २०२४ मध्ये हा आकडा २६ हजारांच्या घरात आला.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. याच काळात इंग्लंडमधल्या बालसंगोपनाच्या एकूण जागा तितक्या घटल्या नाहीत, कारण नर्सरी मोठ्या झाल्या. म्हणजे सरकारी तक्त्यात बघितलं तर फारसं काही बिघडलेलं दिसत नाही. पण नर्सरी साधारण सकाळी आठला उघडते आणि संध्याकाळी सहाला बंद होते. रात्रपाळीची नर्स, पहाटे निघणारा बसचालक, जवळपास एकही नर्सरी नसलेल्या खेड्यातली आई, एक मूल शाळेत आणि एक पाळण्यात असलेलं घर, अशा सगळ्यांना काकू लागतात. 'आज ट्रेन लेट आहे, अर्धा तास उशीर होईल' असा फोन नर्सरीला करून चालत नाही.

नियम आले कुठून?

हे नियम कुणा बाबूच्या डोक्यातून सहज उगवले, असं समजायचं कारण नाही. त्यामागे मेलेली मुलं आहेत.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये 'बेबी फार्मिंग' नावाचा धंदा चालायचा. लग्नाआधी झालेलं किंवा सांभाळणं शक्य नसलेलं बाळ आई पैसे देऊन एखाद्या बाईकडे ठेवायची. काही बायका प्रामाणिकपणे सांभाळायच्या. काही पैसे घेऊन बाळांना उपाशी ठेवायच्या, अफूयुक्त औषध पाजून झोपवायच्या. १८७० मध्ये मार्गारेट वॉटर्स या बाईला अशाच प्रकरणात फाशी झाली आणि १८७२ मध्ये बालजीवन संरक्षणाचा पहिला कायदा आला. एकापेक्षा जास्त तान्ही मुलं पैसे घेऊन ठेवून घेणाऱ्यांना नोंदणी सक्तीची झाली. त्याला विरोध करणाऱ्यांमध्ये स्त्री-हक्कांसाठी लढणाऱ्या बायकाही होत्या. सरकारने बायकांच्या घरात नाक खुपसू नये, असं त्यांचं म्हणणं. दीडशे वर्षांपूर्वीचा हा वाद आजही तसाच ऐकू येतो.

कायद्याला पळवाटा होत्या आणि अंमलबजावणी ढिली होती. १८९६ मध्ये अमेलिया डायर या बाईला फाशी झाली. तिने किती बाळं मारली याचा नक्की हिशेब कधीच लागला नाही. त्यानंतर नियम टप्प्याटप्प्याने कडक होत गेले. १९४८ मध्ये नर्सरी आणि चाइल्डमाइंडर यांच्या नोंदणीचा स्वतंत्र कायदा झाला. १९८९च्या कायद्याने ही जबाबदारी स्थानिक प्रशासनाकडे ठेवून ती आणखी पक्की केली आणि २००१ मध्ये सगळा कारभार ऑफस्टेडकडे गेला.

सुरक्षेचे आजचे नियम वाचले तर बहुतेक पालक मान डोलावतील. एका वेळी आठ वर्षांखालची जास्तीत जास्त सहा मुलं. त्यात पाच वर्षांखालची तीन आणि एक वर्षाखालचं एकच. लहान मुलांसाठीच्या प्रथमोपचाराचं प्रशिक्षण. घरात राहणाऱ्या सोळा वर्षांवरच्या प्रत्येकाची पोलीस नोंद तपासायची, म्हणजे काकूंचीच नाही तर काकांची आणि कॉलेजात जाणाऱ्या मुलाचीही. यात जाचक असं काय आहे?

काकूंच्या हॉलमध्ये अभ्यासक्रम

गाडी वळली ती २००८ मध्ये. तोवर चाइल्डमाइंडरचं काम मूल सुखरूप आणि आनंदात ठेवण्याचं होतं. त्या वर्षी जन्मापासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी एकच सरकारी चौकट लागू झाली. पन्नास मुलांची, व्यवस्थापक आणि कारकून असलेली नर्सरी असो, नाहीतर दोन खोल्यांत तीन मुलं सांभाळणारी एकटी बाई असो, दोघींना चौकट एकच. सुरुवातीला त्यात मुलांनी गाठायची तब्बल ६९ उद्दिष्टं होती. इंग्लिश वर्तमानपत्रांनी तिला 'लंगोटाचा अभ्यासक्रम' अशा अर्थाचं नाव ठेवलं. २०१२ मध्ये ही उद्दिष्टं १७ वर आणली गेली, यावरूनच आधीची यादी किती फुगलेली होती ते कळतं.

उद्दिष्टं कागदावर गाठली गेली की नाही, हे दाखवण्यासाठी निरीक्षणं लिहायची. मुलाने ठोकळे रचले तर त्याचा फोटो, खाली नोंद, ती विकासाच्या कोणत्या भागात बसते त्याची खूण, मग पुढची पायरी काय याचा विचार. नर्सरीत हे काम पाच जणींत वाटलं जातं. काकू ते रात्री करतात, मुलं घरी गेल्यावर, स्वतःचा स्वयंपाक उरकून. त्या वेळेचे पैसे कुणी देत नाही. शिवाय विमा, माहिती संरक्षणाची नोंदणी, जेवण देत असाल तर अन्नसुरक्षेची नोंद, भाड्याचं घर असेल तर घरमालकाची परवानगी. ऑफस्टेडची वार्षिक फी अवघी ३५ पौंड आहे. तिच्यामुळे कुणी धंदा सोडत नाही. सोडतात ते वेळेमुळे आणि तपासणीच्या धसक्यामुळे.

यातली गंमत अशी की तीच बाई आपलं घर सोडून मुलाच्या घरी जाऊन त्याला सांभाळू लागली तर ती 'नॅनी' होते आणि नॅनीला सक्तीची नोंदणीच नाही. मूल तेच, बाई तीच, फक्त दिवाणखाना बदलला.

नियमांच्या बाजूनेही पुरावा आहे आणि तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. २०१२च्या सुमारास दहातल्या साधारण सात चाइल्डमाइंडरना ऑफस्टेडकडून 'चांगलं' किंवा 'उत्कृष्ट' असा शेरा मिळत होता. नंतर हे प्रमाण नव्वद टक्क्यांच्या वर गेलं. दर्जा खरंच सुधारला, की कमी शेरा मिळालेल्या बाहेर पडल्या आणि उरलेल्यांचं प्रमाण वाढलं? बहुधा दोन्ही. कोविड, वाढलेली घरभाडी, निवृत्ती, दुसरीकडे मिळणाऱ्या बऱ्या नोकऱ्या, ही कारणंही घटीमागे आहेत. सगळं पाप कागदांच्या माथी मारणं सोयीचं आहे, पण पुरतं खरं नाही.

पैशाचं गणित

कागदांपेक्षा मोठी गोष्ट दराची. इंग्लंडमध्ये नोकरदार आईवडिलांच्या मुलांना आठवड्याला ३० तास, वर्षातले ३८ आठवडे, सरकारी पैशाने सांभाळ मिळतो. आधी ही सोय तीन-चार वर्षांच्या मुलांनाच होती. मार्च २०२३च्या अर्थसंकल्पात ती नऊ महिन्यांच्या बाळापर्यंत नेण्याची घोषणा झाली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये ती पूर्ण लागू झाली. पालकांसाठी हा मोठाच दिलासा.

काकूंसाठी मात्र याचा अर्थ असा, की दर आता त्या ठरवत नाहीत. इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीज या संस्थेच्या अंदाजानुसार या विस्तारानंतर शाळेआधीच्या सांभाळापैकी सुमारे ८० टक्के तासांचा दर सरकारच्या हातात जातो. २०२४-२५ मध्ये दोन वर्षांखालच्या मुलासाठी सरकारचा सरासरी दर तासाला ११.२२ पौंड होता. तिथे हात सैल सोडलेला आहे. तीन-चार वर्षांच्या मुलासाठी मात्र ५.८८ पौंड, आणि त्या वर्षीचं किमान वेतन तासाला ११.४४ पौंड. हे दर स्थानिक प्रशासनाला मिळतात. तिथून थोडी कपात होऊन उरलेले काकूंकडे येतात.

आता हिशेब बघा. पाच वर्षांखालची जास्तीत जास्त तीन मुलं. तिघंही तीन-चार वर्षांची असली तर तासाला साडेसतरा पौंड. त्यातून विमा, हिवाळ्यात दिवसभर चालू राहणारा हीटर, खेळणी, प्रशिक्षण. आजारपणाची भरपगारी रजा नाही. एक मूल शाळेत गेलं आणि जागा दोन महिने रिकामी राहिली की तेवढं उत्पन्न गेलंच. मुलं वाढवून घ्यायची तर नियमाची मर्यादा, दर वाढवायचा तर सरकारी तासांवर पालकांकडून वरचे पैसे मागता येत नाहीत.

त्यातला सर्वांत टोचणारा नियम आजीचा. कायद्याच्या दृष्टीने नातेवाइकाने केलेला सांभाळ हा 'चाइल्डकेअर'च नाही. त्यामुळे नोंदणीकृत चाइल्डमाइंडरने स्वतःच्या नातवाला ठेवून घेतलं तर त्याच्या तासांचे सरकारी पैसे तिला मिळत नाहीत. पण तो नातू पाच वर्षांखालच्या तीन मुलांच्या हिशेबात साधारणपणे धरला जातो. म्हणजे जागा जाते, पैसे येत नाहीत. लेक म्हणते, 'आई, तूच सांभाळ ना,' आणि आईला नातू की पोट यातलं एक निवडावं लागतं.

दुसरं टोक नेदरलँड्समध्ये बघायला मिळालं. तिथे २००५च्या कायद्याने घरगुती सांभाळालाही अनुदान मिळू लागलं आणि आजी-आजोबांची रीतसर नोंदणी होऊन त्यांनाही ते मिळायला लागलं. आधी फुकट होणाऱ्या कामाचं बिल सरकारकडे जाऊ लागल्यावर खर्च आवाक्याबाहेर गेला. २०१० मध्ये नियम आवळले: किमान शैक्षणिक पात्रता हवी, राष्ट्रीय नोंदवहीत नाव हवं. घरगुती सांभाळ करणाऱ्यांची संख्या लगेच खाली आली. आणि योगायोग असा की २०१२ मध्ये इंग्लंडमध्ये लिझ ट्रस यांनी चाइल्डमाइंडरवरची बंधनं सैल करण्यासाठी जी पुस्तिका लिहिली, तिच्यात उदाहरण नेदरलँड्सचंच होतं.

ट्रस म्हणजे पुढे ४९ दिवस पंतप्रधान राहिल्या त्याच. बालसंगोपन खात्याच्या मंत्री असताना २०१३ मध्ये त्यांनी प्रस्ताव मांडला, की एका चाइल्डमाइंडरला पाच वर्षांखालची तीनऐवजी चार आणि एक वर्षाखालची एकाऐवजी दोन मुलं ठेवू द्यावीत. मुलं वाढली की उत्पन्न वाढेल, फी उतरेल. पालक भडकले, चाइल्डमाइंडरच्या संघटनांनीही हे नको म्हटलं, आणि उपपंतप्रधान निक क्लेग यांनी प्रस्ताव अडवला. चार रांगती मुलं आणि माणूस एक, हे गणित सुटणार नाही हे त्या कामातल्या बायकांना मंत्र्यांपेक्षा जास्त कळत होतं. त्यांची मागणी मुलं वाढवण्याची नव्हती. त्यांना कागद कमी आणि दर बरा हवा होता.

त्यानंतर एजन्सीचा प्रयोग आला. २०१४ पासून चाइल्डमाइंडर थेट ऑफस्टेडऐवजी खासगी एजन्सीकडे नोंदणी करू शकते आणि ऑफस्टेड एजन्सीची तपासणी करतं. २०२३ मध्ये नव्याने हे काम सुरू करणाऱ्यांना अनुदान जाहीर झालं: ऑफस्टेडमार्गे आलात तर ६०० पौंड, एजन्सीमार्गे आलात तर १,२०० पौंड. जानेवारी २०२४ मध्ये चाइल्डमाइंडरसाठी वेगळी, सुटसुटीत नियमावलीही आली. २००८ मध्ये सगळ्यांना एकाच मापाने मोजलं ते चुकलं, हे मान्य करायला सोळा वर्षं लागली.

यादीबाहेरची मुलं

नियम कडक झाले की मुलं जास्त सुरक्षित होतात का? अमेरिकेत प्रत्येक राज्याचे बालसंगोपनाचे नियम वेगळे असल्याने तिथे हे तपासणं शक्य झालं. जॅनेट करी आणि जोसेफ हॉट्झ या अर्थतज्ज्ञांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात उत्तर दुहेरी निघालं. डे-केअरच्या संचालकांसाठी शिक्षणाची अट कडक होती, तिथे मुलांना होणारे अपघात कमी झाले. पण नियमांमुळे काही मुलं या व्यवस्थेतूनच बाहेर ढकलली गेली आणि त्यांचा धोका वाढला. २०११ मध्ये हॉट्झ आणि मो शियाओ यांच्या अभ्यासात दिसलं, की नियमांमुळे डे-केअर केंद्रांची संख्या विशेषतः कमी उत्पन्नाच्या वस्त्यांमध्ये घटली, आणि दर्जा विशेषतः सुखवस्तू वस्त्यांमध्ये सुधारला. नियमाचा फायदा एका वस्तीला आणि किंमत दुसऱ्या वस्तीला.

मग उपाय काय, नियमच नकोत? फ्रान्सकडे बघितलं तर तसं वाटत नाही. तिथे घरी मुलं सांभाळणाऱ्यांना १९७७ पासून कायद्याने दर्जा आहे. जिल्हा प्रशासनाची मान्यता लागते, ती पाच वर्षांची असते, एका वेळी साधारण चार मुलांची मर्यादा आहे आणि १२० तासांचं प्रशिक्षण सक्तीचं. नियम इंग्लंडपेक्षा सैल अजिबात नाहीत. तरी तीन वर्षांखालच्या मुलांना घराबाहेर सांभाळणाऱ्यांमध्ये तिथे याच बायका आघाडीवर राहिल्या. कारण तिथे पालक त्यांचे मालक असतात आणि त्या कर्मचारी. भरपगारी रजा, पेन्शन, सामाजिक सुरक्षेची वर्गणी हे सगळं असतं, आणि त्या वर्गणीचा भार सरकार उचलतं. आता एक मोठी पिढी निवृत्त होत असल्याने त्यांची संख्याही घटते आहे. पण इंग्लंडसारखी गळती लागायला बरीच वर्षं गेली.

महाराष्ट्रात काय?

नोव्हेंबर २०१६ मध्ये नवी मुंबईतल्या खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला झालेल्या मारहाणीचं सीसीटीव्ही चित्रण राज्यभर पाहिलं गेलं. पाळणाघरांवर नियंत्रण हवं अशी मागणी तेव्हा जोरात झाली. पुढच्याच वर्षी केंद्राने मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती केली: रजा २६ आठवड्यांची झाली आणि ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. २०१८ मध्ये त्यासाठी किमान मार्गदर्शक तत्त्वंही आली.

हे सगळं कार्यालयाच्या पाळणाघराबद्दल आहे. बदलापूरहून सकाळी सातची लोकल पकडणारी आई आपलं बाळ सीएसएमटीच्या ऑफिसात घेऊन जाऊ शकत नाही. गाडीत पाय ठेवायला जागा नसते, तिथे बाळ कुठे घेणार? ते बाळ बिल्डिंगमधल्या काकूंकडेच राहतं आणि त्या काकूंना २०१७ची दुरुस्ती शिवतही नाही. त्यांच्याकडे किती मुलं असावीत, प्रथमोपचार येतो का, घरात आणखी कोण राहतं, हे आज फक्त आई विचारते. तेही संकोचत, कारण काकूंनी नाही म्हटलं तर दुसरं कुणी मिळेलच असं नाही.

उद्या एखादा नवा व्हिडिओ फिरेल आणि सरकारला घाईने नियमावली काढावी लागेल. तेव्हा समोर नमुना मोठ्या डे-केअर साखळ्यांचा असेल: तळमजला, अग्निशमन दलाचा दाखला, व्यावसायिक वीजजोडणी, सोसायटीचं ना-हरकत पत्र. वन-बीएचकेमध्ये चार मुलं सांभाळणाऱ्या बाईला यातलं सोसायटीचं पत्र एकटंच घरी बसवायला पुरेसं आहे. ती काम थांबवेल किंवा दाराला कडी लावून चालू ठेवेल. कडी लावली तर मुलं चारची सात झाली तरी कुणाला कळणार नाही.

इंग्लंडच्या नियमावलीतून उचलण्यासारखं त्या मानाने थोडं आहे आणि स्वस्तही: मुलांची कमाल संख्या, घरातल्या प्रौढांची पोलीस पडताळणी, प्रथमोपचाराचं छोटं प्रशिक्षण आणि महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात एक नोंद. अंगणवाडी सेविकांचं जाळं वस्त्यावस्त्यांत आधीपासून आहे. पण वर्षातून एकदा काकूंच्या घरी डोकावण्याचं काम त्यांना सांगायचं, तर आधीच अनेक सर्वेक्षणांखाली वाकलेल्या त्या सेविकांना त्याचे वेगळे पैसे द्यावे लागतील.